अर्थशास्त्राला हवी प्रयोगशाळा

रसायनशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याने तीन वर्षांत एकदाही परीक्षानळी हातात धरली नाही, असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास बसणार नाही. भूगोलाच्या विद्यार्थ्याला नकाशे काढावे लागतात. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रयोगांचे जर्नल पूर्ण करून त्यावर सही घ्यावी लागते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याची मात्र यातून सुटका झालेली आहे. मागणीचा वक्र त्याला डोळे मिटून काढता येतो, बेरोजगारीचे प्रकार तोंडपाठ असतात, दारिद्र्यरेषेच्या व्याख्या समित्यांच्या नावांसह सांगता येतात. परंतु देशातील बेरोजगारीचा दर ज्या पाहणीतून निघतो, त्या पाहणीची मूळ माहिती बहुसंख्य पदवीधरांनी कधी संगणकावर उघडून पाहिलेली नसते.

हा प्रश्न आजचा नाही. पण आज तो नव्याने विचारावा लागतो, याला दोन कारणे आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या पदवी अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण यांना स्वतंत्र श्रेयांक मिळू लागले आहेत. म्हणजे वेळापत्रकात जागा झाली आहे. दुसरे असे की, केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या पाहण्यांची कुटुंबनिहाय माहिती आता नोंदणी करून घरबसल्या उतरवून घेता येते. कच्चा माल दाराशी आला आहे, वेळही मिळाला आहे. प्रश्न उरतो तो या दोहोंचे वर्गात काय होणार, हा.

एका गृहपाठाची गोष्ट

वर्गातील प्रात्यक्षिक किती दूरवर पोहोचू शकते याचे अलीकडच्या काळातील सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील आहे. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील अर्थशास्त्र विभागात थॉमस हर्नडन नावाचा पदव्युत्तर विद्यार्थी शिकत होता. अर्थमितीच्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांना एक काम दिले जाई : कोणताही गाजलेला शोधनिबंध निवडा आणि त्यातील आकडेमोड स्वतः पुन्हा करून तेच निष्कर्ष मिळतात का ते पाहा. हर्नडनने निवड केली ती कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांच्या २०१० मधील निबंधाची. सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेले की आर्थिक वाढ कोसळते, असे त्या निबंधातून दिसत होते. या गटातील देशांची सरासरी वाढ चक्क उणे ०.१ टक्का निघाली होती. जागतिक मंदीनंतरचा तो काळ. खर्चकपातीचे समर्थन करणाऱ्या अमेरिकी आणि युरोपीय नेत्यांच्या तोंडी हा ९० टक्क्यांचा आकडा सतत असे.

हर्नडनला काही केल्या तो आकडा मिळेना. विद्यार्थ्याचेच काही चुकत असावे, असे आरंभी प्राध्यापकांनाही वाटले. अखेर त्याने मूळ लेखकांकडेच त्यांची एक्सेल फाइल मागितली आणि त्यांनी ती दिलीही. फाइल उघडल्यावर दिसले ते असे : सरासरी काढण्याच्या सूत्रात वीस देशांपैकी पहिले पाच देश, म्हणजे ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क, आलेच नव्हते. ओळी निवडताना निवड पाच ओळी आधी थांबली होती. याखेरीज काही देशांची युद्धोत्तर वर्षे गणनेत नव्हती. सरासरी काढण्याची रीतही अशी होती की, न्यूझीलंडच्या एकाच वर्षातील उणे ७.६ टक्के वाढीला ब्रिटनच्या एकोणीस वर्षांइतकेच वजन मिळाले. हे सारे दुरुस्त केल्यावर सरासरी निघाली २.२ टक्के. हर्नडनने मायकेल ॲश आणि रॉबर्ट पोलिन या प्राध्यापकांसह एप्रिल २०१३ मध्ये हे प्रसिद्ध केले. सूत्रातील चूक राइनहार्ट आणि रोगॉफ यांनी मान्य केली. कर्ज वाढले की वाढ मंदावते हा आपला व्यापक निष्कर्ष मात्र कायम असल्याचे त्यांनी सांगितले.

या प्रकरणाची चर्चा झाली ती बहुतेक एक्सेलमधील चुकीच्या अंगाने. शिक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब निराळी आहे. त्या निबंधाची चर्चा तीन वर्षे जगभर चालली होती, विरोधकही कमी नव्हते. चूक सापडली ती मात्र गृहपाठ म्हणून तोच हिशेब पुन्हा करून पाहणाऱ्या विद्यार्थ्याला. आणि दुरुस्त केलेला आकडासुद्धा सर्व काही सांगत नाही. कर्जामुळे वाढ मंदावते, की वाढ मंदावल्यामुळे कर्ज फुगते, हे सरासरीवरून ठरत नाही. तेथे पुन्हा सिद्धांताकडेच यावे लागते. संगणकाची बटणे दाबायला शिकवले म्हणजे अर्थशास्त्र शिकवले, असे मानणाऱ्यांनी प्रकरणाची ही दुसरी बाजूही ध्यानात घेतलेली बरी.

पिंपळे सौदागरची परंपरा

प्रत्यक्ष जाऊन मोजणे ही कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. किंबहुना भारतातील ग्रामपाहण्यांच्या इतिहासाची सुरुवातीची पाने पुण्याच्या परिसरातच लिहिली गेली. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी सहकाऱ्यांसह पिंपळे सौदागर या गावाचा घरोघर, शेतोशेत अभ्यास केला आणि तो १९१७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. १७७१ मध्ये या गावातील सरासरी धारणक्षेत्र ४० एकर होते, ते १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आले, हा त्यांचा हिशेब पुढे जमिनीच्या तुकडीकरणावरील प्रत्येक चर्चेत उद्धृत होत राहिला. ज्या पिंपळे सौदागरमध्ये आज माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील नोकरदारांच्या गृहसंकुलांची गर्दी झाली आहे, तेच हे गाव.

त्याच सुमारास मद्रास विद्यापीठात गिल्बर्ट स्लेटर या प्राध्यापकांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले. १९१६ च्या सुटीत त्यांनी विद्यार्थ्यांनाच आपापल्या गावी प्रश्नावली घेऊन पाठवले. त्या नोंदींतून १९१८ मध्ये पुस्तक तयार झाले आणि त्यातील काही गावांच्या फेरपाहण्या पुढील पिढ्यांतील अभ्यासकांनी केल्या. सुटीतील एका कामातून दीर्घकाळाचा इतिहास हाती आला.

पुण्यात धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली गोखले अर्थशास्त्र संस्थेने हीच वाट पकडली. पुणे शहराच्या सामाजिक-आर्थिक पाहणीचे काम १९३६-३७ मध्ये झाले, तिचे दोन खंड १९४५ आणि १९५२ मध्ये आले, आणि पुढे शहराची फेरपाहणीही झाली. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये 'भारतातील दारिद्र्य' मांडले ते राष्ट्रीय नमुना पाहणीच्या उपभोगविषयक आकड्यांवर उभे राहून. दारिद्र्यरेषेच्या वादात पुढे ज्यांचे नाव जोडले गेले ते सुरेश तेंडुलकरही याच शिस्तीतले. या सर्वांची नावे आजच्या क्रमिक पुस्तकांत आहेत, त्यांच्यावर टिपा लिहा असे प्रश्नही येतात. त्यांनी जे केले ते करून पाहण्याची सोय मात्र अभ्यासक्रमात क्वचितच आढळते.

म्हैस कोणत्या रकान्यात?

प्रत्यक्ष माहिती हाताळल्याने विद्यार्थ्याच्या समजुतीत नेमका काय फरक पडतो, हे पाहायचे तर नियतकालिक श्रमबल पाहणीचे उदाहरण घ्यावे. या पाहणीनुसार १५ वर्षे व त्यावरील वयाच्या स्त्रियांचा श्रमबलातील सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेला. सहा वर्षांत एवढी उसळी. परीक्षेत हा आकडा लिहिला की गुण मिळतात आणि विषय संपतो.

मूळ फाइल उघडणाऱ्याचा विषय तेथे सुरू होतो. पाहणीत प्रत्येक व्यक्तीच्या नावापुढे तिच्या स्थितीचा सांकेतिक क्रमांक असतो. स्वतःचा व्यवसाय करणाऱ्यासाठी ११, पगारी नोकरासाठी ३१, रोजंदारीवरील मजुरासाठी ५१. घरच्या शेतीत वा धंद्यात मदत करणाऱ्यासाठी २१ आणि केवळ घरकाम करणाऱ्यासाठी ९२. घरकामासोबत सरपण गोळा करणे, घरापुरते शिवणकाम करणे अशा गोष्टी असतील तर ९३. आता गावातील एखादी स्त्री घरचा स्वयंपाक करते, दुपारी शेतात खुरपणी करते आणि दुधाची म्हैसही पाहते. ती २१ की ९२? वर्षातून किमान तीस दिवस केलेले कामही दुय्यम स्थिती म्हणून धरले जाते. ते धरले तर ती श्रमबलात येते, नाही धरले तर बाहेर राहते. तिच्या दिनक्रमात कसलाही बदल न होता देशाच्या आकडेवारीतील तिची जागा बदलू शकते.

दुय्यम स्थिती वगळून दर काढा, मग धरून काढा, नंतर क्रमांक २१ बाजूला ठेवून काढा, एवढे तीन हिशेब विद्यार्थ्याने केले की त्या उसळीचे पोट त्याला दिसू लागते. काम करणाऱ्या स्त्रियांत स्वयंरोजगारातील स्त्रियांचा वाटा याच काळात ५१.९ टक्क्यांवरून ६७.४ टक्क्यांवर गेला, आणि स्वयंरोजगार या शब्दात घरच्या धंद्यातील बिनपगारी मदतनीसही मोडतात. वाढ खोटी आहे असे यातून सिद्ध होत नाही. ती कोणत्या प्रकारची आहे हे कळते, आणि 'महिला सक्षमीकरण' अथवा 'आकड्यांची धूळफेक' या दोन्ही ठरीव घोषणांपासून विद्यार्थी दूर राहतो.

दुसरा धडा वजनांचा. नमुना पाहणीत प्रत्येक कुटुंब आपल्यासारख्या किती कुटुंबांचे प्रतिनिधित्व करते हे दर्शवणारा एक गुणक असतो. २०२२-२३ च्या कुटुंब उपभोग खर्च पाहणीत शहरी कुटुंबांची निवड करताना मोटारीची मालकी आणि तिची किंमत यांवरून वेगळे गट केले गेले. महागडी मोटार असणारी कुटुंबे थोडी. सरसकट निवड केली तर ती नमुन्यात सापडणारच नाहीत. समजा, एका वस्तीत ९०० कुटुंबे आहेत. त्यांपैकी १०० मोटारवाल्यांचा महिन्याचा सरासरी खर्च २० हजार आणि उरलेल्या ८०० जणांचा ८ हजार रुपये आहे. दोन्ही गटांतून पाच-पाच कुटुंबे निवडून साधी सरासरी काढली तर ती येते १४ हजार. गुणक लावून काढली तर सुमारे ९,३३३. संगणक दोन्ही उत्तरे सारख्याच तत्परतेने देतो. कोणते बरोबर, हे त्याला विचारलेले नसते.

गुणकाचा धडा पुस्तकात एका परिच्छेदात असतो. स्वतः काढलेला आकडा सरकारी अहवालातील आकड्याशी जुळत नाही म्हणून दोन दिवस डोके धरून बसलेला विद्यार्थी तो विसरत नाही. २०२२-२३ चा दरडोई मासिक खर्च ग्रामीण भागात ३,७७३ आणि शहरी भागात ६,४५९ रुपये असल्याचे अहवाल सांगतो. हे दोन आकडे मूळ फाइलमधून जसेच्या तसे काढून दाखवणे, हे अर्थशास्त्राच्या जर्नलमधील पहिले प्रात्यक्षिक व्हायला हरकत नाही. त्यानंतरच २०११-१२ शी तुलना करण्याकडे वळावे. कारण मधल्या काळात प्रश्न विचारण्याची पद्धत बदलली : एका भेटीऐवजी तीन भेटी आणि तीन प्रश्नावल्या आल्या. २०१७-१८ च्या पाहणीचे निकाल तर गुणवत्तेचे कारण देऊन सरकारने प्रसिद्धच केले नाहीत. दारिद्र्य किती घटले यावर दूरचित्रवाणीवर रंगणारे वाद बव्हंशी या दोन गोष्टींभोवती फिरतात, हे विद्यार्थ्याला अशा वेळी कळते.

लासलगावचा कांदा

दिल्लीच्या फाइली दूरच्या वाटत असतील तर घराजवळही पुष्कळ काही आहे. लासलगाव बाजार समितीतील कांद्याची रोजची आवक आणि भाव केंद्र सरकारच्या ॲगमार्कनेट या संकेतस्थळावर मिळतात. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले, ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यातबंदी आली, ती मे २०२४ च्या आरंभी उठली आणि उरलेले शुल्क १ एप्रिल २०२५ पासून गेले. या निर्णयांवर नाशिक जिल्ह्यात आंदोलने झाली, लिलाव बंद पडले, आणि लोकसभा निवडणुकीतही कांद्याने रडवल्याची चर्चा झाली. निर्यातबंदीने शेतकऱ्याचे क्विंटलमागे किती नुकसान झाले? सभेत प्रत्येकाकडे आकडा होता.

नाशिकच्या एखाद्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना हाच प्रश्न दिला तर पहिला गट बंदीच्या आदल्या आठवड्याचा आणि नंतरच्या आठवड्याचा भाव घेऊन वजाबाकी करील. तेथे शिक्षकाचे काम सुरू होते. डिसेंबरात लाल कांद्याची आवक वाढत असते. बंदी नसती तरी भाव उतरलेच असते की नाही? मग मागील सात-आठ वर्षांचे डिसेंबर पाहावे लागतात. निर्यात न होणाऱ्या पिकाचे भाव शेजारी ठेवून पाहावे लागतात. बंदी येणार या कुणकुणीने व्यापाऱ्यांनी आधीच हात आखडता घेतला होता का, हे तपासावे लागते. बाजार समितीत जाऊन आडत्यांशी बोलावे लागते, कारण आकडा भरताना सुटीच्या दिवशी काय लिहितात हे संकेतस्थळ सांगत नाही. शेवटी जे उत्तर मिळेल ते एका आकड्याऐवजी दोन आकड्यांच्या मधले असेल आणि ते सभेत टाळ्या मिळवणारे नसेल. पण कार्यकारणभाव म्हणजे काय, हे शिकवण्यासाठी याहून चांगला पाठ शोधून सापडणार नाही. वर्गातील निम्म्या मुलांच्या घरी कांदा असेल तर अधिकच.

कोर नावाच्या आंतरराष्ट्रीय प्राध्यापकगटाने 'डूइंग इकॉनॉमिक्स' हे प्रकल्पांचे पुस्तक २०१९ मध्ये विनामूल्य उपलब्ध करून दिले. त्याची सुरुवात हवामानबदलाच्या तापमान-नोंदींपासून होते. हार्वर्डमध्ये राज चेट्टी यांनी प्रचंड माहितीसाठ्यांवर आधारित प्राथमिक अभ्यासक्रम सुरू केला. त्यांची नक्कल करण्याची गरज नाही. प्रश्नापासून आरंभ आणि सूत्र नंतर, हा क्रम मात्र उचलण्याजोगा आहे.

अडते कोठे?

खर्चाची सबब आता टिकणारी नाही. स्टाटासारखे सॉफ्टवेअर महाग आहे हे खरे, पण 'आर' ही प्रणाली संपूर्ण मोफत आहे आणि मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने अशा मुक्त प्रणालींचे ध्वनिचित्र-पाठ तयार केले आहेत. केवळ एक्सेलवर भागणार नाही, हेही सांगितले पाहिजे. त्याच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात. उपभोग पाहणीत कुटुंबेच २,६१,७४६ आहेत. प्रत्येकाच्या चाळीस वस्तूंच्या नोंदी धरल्या तरी संख्या एक कोटीपलीकडे जाते.

भाषेची अडचण खरी आहे. पाहणीच्या सूचना, सांकेतिक क्रमांकांच्या याद्या, सॉफ्टवेअरचे संदेश, सारे इंग्रजीत. पण गंमत अशी की, महाराष्ट्रातील घरांत हे प्रश्न विचारले जातात ते मराठीतच. म्हशीचे दूध डेअरीला जाते की घरातच संपते, या प्रश्नाचे मर्म मराठी माध्यमातून आलेल्या खेड्यातील मुलीला शहरातील इंग्रजी माध्यमवाल्यापेक्षा अधिक कळते. तिला हवी आहे ती एक मराठी कोडपुस्तिका, आणि ती कोणत्याही विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाला एका उन्हाळ्यात तयार करता येईल.

सर्वांत मोठा धोका वेगळाच आहे. प्रकल्पांना गुण आले की तयार प्रकल्पांची दुकानेही येतात, हा शालेय प्रकल्पांपासूनचा अनुभव आहे. झेरॉक्सच्या दुकानातील त्या फायलींची जागा आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चॅटबॉटने घेतली आहे. तो क्षणात आज्ञावली लिहून देतो, तक्ते काढतो आणि निष्कर्षही नटवून मांडतो. त्यावर बंदी घालणे व्यर्थ आहे. उपाय जुनाच आहे : तोंडी परीक्षा. गुणक लावला का, लावला तर कोणत्या रकान्यातून घेतला, अहवालातील आकड्याशी तुमचा आकडा का जुळला नाही, हे तीन प्रश्न समोरासमोर विचारले की काम कोणी केले ते पाच मिनिटांत कळते.

ही पाच मिनिटे द्यायची कोणी, हा खरा पेच. श्रेयांकाच्या नियमानुसार क्षेत्रीय कामाचा एक श्रेयांक म्हणजे ३० तास. चार श्रेयांकांचे १२० तास होतात. विज्ञान शाखेत प्रात्यक्षिकांसाठी वर्गाच्या छोट्या तुकड्या पाडल्या जातात, प्रयोगशाळा सहायक असतो, त्याचे तास शिक्षकाच्या कार्यभारात मोजले जातात. कला शाखेच्या वर्गात शंभरावर विद्यार्थी, अनेक ठिकाणी पदे रिक्त आणि शिकवणारा तासिका तत्त्वावर, तासागणिक मानधन घेणारा. त्याने शंभर जर्नले तपासून शंभर तोंडी परीक्षा घ्यायच्या त्या कोणत्या तासात? अर्थशास्त्राची गणना प्रात्यक्षिकाच्या विषयांत करून तुकड्या पाडायच्या, की क्षेत्रीय प्रकल्पाचे गुण पूर्वीप्रमाणे हजेरी आणि सुबक मुखपृष्ठ पाहून द्यायचे, याचा निर्णय विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांना आणि उच्च शिक्षण विभागाला घ्यावा लागेल. पहिल्या पर्यायात शिक्षकांची पदे भरावी लागतात. दुसऱ्यात काहीच करावे लागत नाही.